घरीं कोणती भाषा बोलतां?

श्रोतेहो, गेल्या ऑगस्ट महिन्यांत माझ्या मुलाचें अमेरिकेहून पत्र आलें. पत्र म्हणजे टपालाचें नव्हे. हल्लींचीं पत्रें फोनच्या पडद्यावर उमटतात. मजकूर मात्र जुन्याच तऱ्हेचा, बापाला सल्ला विचारणारा होता. मुलगा नोकरीनिमित्त सहकुटुंब न्यू जर्सी राज्यांत नुकताच राहावयास गेला होता आणि माझ्या सात वर्षांच्या नातीचें नांव तेथील सरकारी शाळेंत घालावयाचें होतें. त्यानें लिहिलें होतें, "बाबा, येथें सारेंच उलटें आहे. शाळेनें फी मागितली नाहीं, प्रवेशपरीक्षा घेतली नाहीं, आपल्याकडील प्रगतिपुस्तक तर नुसतें चाळून परत दिलें. मुलीचा जन्मदाखला, लसी टोंचल्याची नोंद आणि आम्ही याच गांवांत राहतों याचा पुरावा, एवढेंच हवें होतें. पण एका छापील कागदावर प्रश्न आहे: घरीं कोणती भाषा बोलतां? कांहीं ओळखीचे म्हणतात कीं, सरळ 'इंग्रजी' असें लिहा. नाहीं तर पोरीला कच्च्या मुलांत नेऊन बसवतील. काय लिहूं?"

मी मॅट्रिक पास झालेला एक सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक. माझीं पस्तीस वर्षें तालुक्याच्या शाळांतून गेलीं. अमेरिका मीं पाहिलेली नाहीं. मुलाला त्या दिवशीं मीं एवढेंच कळविलें कीं, जें खरें असेल तें लिही. परंतु हा सल्ला शिक्षकी संवयीनें दिलेला होता, विचारानें नव्हे. तो बरोबर होता कीं नाहीं हें पडताळून पाहावें म्हणून मीं त्या देशाच्या शाळांचा इतिहास वाचावयास घेतला. त्या वाचनांतून जें हातीं लागलें, तें आज आपल्यापुढें ठेवतों. आपल्या श्रोत्यांपैकीं पुष्कळांचे मुलगे, मुली, पुतणे, भाचे आज तिकडे आहेत. त्यांनाहि तें उपयोगी पडावें.

पहिली गोष्ट ही ध्यानांत आली कीं, आपण जिला अमेरिकन शिक्षणपद्धति म्हणतों, अशी एक पद्धति त्या देशांत नाहींच. सन १७८७ मध्यें तयार झालेल्या त्यांच्या राज्यघटनेंत शिक्षणाचा शब्दहि नाहीं. आणि १७९१ च्या दहाव्या दुरुस्तीनें, जे अधिकार मध्यवर्ती सरकारला दिलेले नाहींत ते राज्यांचे आणि लोकांचे, असें ठरलें. म्हणून पन्नास राज्यांचे पन्नास कायदे. आणि त्यांच्या पोटांत सुमारें तेरा हजार शाळा-विभाग, ज्यांचीं मंडळें बहुतेक ठिकाणीं त्या त्या गांवचे लोकच निवडून देतात. शाळांच्या एकंदर खर्चांत मध्यवर्ती सरकारचा वाटा दशांशाच्या आसपास असतो. बाकीचा भार राज्य उचलतें आणि स्थानिक लोक उचलतात. आणि स्थानिक भागाचा मोठा आधार म्हणजे आपण जिला घरपट्टी म्हणतों ती. मुलाकडे राहत्या घराचा पुरावा कां मागितला, याचा उलगडा येथें झाला. तेथें मूल शाळा निवडीत नाहीं. घर शाळा निवडतें. भाडेकरूहि भाड्यांतून ती पट्टी भरीतच असतो. तेव्हां फी न घेणें हा उपकार नव्हे, ती आधींच वसूल झालेली असते.

या व्यवस्थेचें मूळ फार जुनें आहे. इंग्लंडांतून गेलेल्या प्यूरिटन लोकांनीं बॉस्टन येथें १६३५ सालीं लॅटिन शाळा काढली. मॅसॅच्युसेट्स वसाहतीनें १६४२ मध्यें, मुलांना वाचतां येतें कीं नाहीं हें पाहण्याची जबाबदारी आईबापांवर आणि धन्यांवर टाकली. आणि १६४७ मध्यें असा कायदा केला कीं, पन्नास घरांच्या गांवानें एक शिक्षक ठेवावा व शंभर घरांच्या गांवानें लॅटिन शिकविणारी शाळा चालवावी. उद्देश धार्मिक होता. लोकांना बायबल वाचतां आलें नाहीं तर सैतान त्यांना फसवील, असें त्या कायद्यांतच म्हटलेलें आहे. सैतानाचें भय पुढें ओसरलें, परंतु शाळा ही गांवाची जबाबदारी आहे, ही कल्पना कायम राहिली. देश स्वतंत्र झाल्यावर १७८५ च्या जमिनीविषयींच्या कायद्यानें पश्चिमेकडील मोकळ्या प्रदेशाचे छत्तीस-छत्तीस चौरस मैलांचे चौकोन पाडले, आणि प्रत्येक चौकोनांतील सोळाव्या क्रमांकाचा एक चौरस मैल शाळेसाठीं राखून ठेवला. गांव वसण्यापूर्वींच शाळेची जमीन नकाशावर आलेली होती. ही जमीन त्यापूर्वीं तेथील मूळ रहिवाशांची होती, हेंहि मात्र विसरतां येत नाहीं.

तरी सर्वांसाठीं फुकट शाळा ही गोष्ट आपोआप झाली नाहीं. तिच्यासाठीं भांडणारा मनुष्य होरेस मॅन. हा गृहस्थ वकील होता; १८३७ सालीं तो मॅसॅच्युसेट्सच्या शिक्षणमंडळाचा पहिला चिटणीस झाला. वकिली सोडून त्यानें गांवोगांव हिंडून मोडक्या शाळा पाहिल्या, त्यांचीं बाकें आणि खिडक्या मोजल्या, आणि बारा वर्षें दरसाल अहवाल लिहिले. १८३९ मध्यें लेक्सिंग्टन येथें शिक्षक तयार करणारी पहिली सरकारी शाळा निघाली, तीहि त्याच्याच खटपटीनें. ज्याला मूल नाहीं त्यानें दुसऱ्याच्या मुलांसाठीं कर कां द्यावा, हा त्याच्यापुढचा मोठा आक्षेप होता. त्याच्या उत्तराचा मथितार्थ असा कीं, संपत्ति एका पिढीच्या मालकीची नसते. मागल्या पिढीनें ती पुढील पिढीसाठीं विश्वस्ताप्रमाणें सांभाळावयाची असते. मॅसॅच्युसेट्सनें १८५२ मध्यें शाळेंत जाणें सक्तीचें केलें. ही सक्ति शेवटच्या राज्यांत, म्हणजे मिसिसिपींत, पोंचावयास १९१८ साल उजाडलें. आपल्याकडे याच काळांत श्रीमंत सयाजीराव महाराजांनीं १९०६ मध्यें बडोदें संस्थानांत सक्तीचें शिक्षण सुरू केलें होतें, आणि नामदार गोखल्यांनीं १९११ मध्यें मांडलेलें प्राथमिक शिक्षणाचें विधेयक पुढल्या वर्षीं वरिष्ठ कायदेमंडळांत नामंजूर झालें, हें वाचतांना आठवल्यावांचून राहत नाहीं.

माध्यमिक शिक्षणाचा प्रश्न न्यायालयांत सुटला. कलामझू गांवच्या कांहीं करदात्यांनीं हायस्कुलासाठीं कर घेण्यास हरकत घेतली, तेव्हां मिशिगनच्या वरिष्ठ न्यायालयानें १८७४ मध्यें निकाल दिला कीं, असा कर घेतां येतो. एक शिडी तयार झाली. तिच्या खालच्या पायरीला किंडरगार्टन म्हणतात. तेथून साधारणतः पांचवीपर्यंत प्राथमिक, सहावी ते आठवी मधली शाळा आणि नववी ते बारावी हायस्कूल. ही विभागणीहि गांवोगांव थोडी निराळी असते. आपल्या मॅट्रिकसारखी साऱ्या देशाची एक परीक्षा तेथें नाहीं. हायस्कुलांत प्रत्येक विषय पुरा केल्याचे ठराविक अंश जमवावे लागतात आणि चार वर्षांच्या रोजच्या कामाचे गुण शेवटपर्यंत पाठीशीं राहतात. दहावींत एकदां जोर लावूं, या हिशेबानें चालणाऱ्या आपल्या मुलांना तेथें पहिला फटका बसतो तो येथें. पालकांनीं ही एक गोष्ट नववी सुरू होण्यापूर्वींच समजून घ्यावी.

श्रोतेहो, या शिडीच्या पहिल्या पायरीचें नांव पाहा. किंडरगार्टन हा शब्द इंग्रजी नव्हे, जर्मन आहे. मुलांची बाग असा त्याचा अर्थ. विस्कॉन्सिनमधील वॉटरटाऊन या गांवीं मार्गारेठ शुर्झ या जर्मन बाईंनीं १८५६ मध्यें आपल्या घरीं फ्रोबेलच्या पद्धतीचा वर्ग सुरू केला. त्या स्वतः देशांतर करून आलेल्या होत्या आणि वर्गाची भाषा जर्मन होती. सतरा वर्षांनीं, १८७३ मध्यें, सेंट लुई येथें सूझन ब्लो या बाईंनीं सरकारी शाळेंतील पहिला असा वर्ग उघडला. पुढें १८८६ मध्यें आनंदीबाई जोशी यांचा पदवीदानसमारंभ पाहण्यासाठीं पंडिता रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या, तेव्हां त्यांनीं तेथें राहून याच बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला. स्वदेशीं परत येऊन १८८९ मध्यें मुंबईस शारदा सदन काढलें, आणि त्याच वर्षीं अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठींत ग्रंथ प्रसिद्ध केला. एका परक्या घरांत, परक्या भाषेंत सुरू झालेला वर्ग आज त्या राष्ट्राच्या प्रत्येक मुलाची पहिली पायरी आहे. माझ्या मुलाला कागदावर लिहावयास लाज वाटत होती ती गोष्ट हीच: घरची भाषा.

पण नवागतांशीं त्या शाळा नेहमींच अशा उदारपणें वागल्या असें नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आयर्लंडांतून कॅथलिक लोक आले. शाळेंत प्रॉटेस्टंट लोकांचें बायबल वाचलें जाई, त्यावरून कलह माजला; १८४४ मध्यें फिलाडेल्फियास दंगली होऊन माणसें मेलीं, चर्चें जळलीं. कॅथलिकांनीं आपल्या वेगळ्या शाळा काढल्या. ओहायो राज्यानें मात्र निराळी वाट धरली. सिनसिनाटी शहराच्या सरकारी शाळांतून १८४० पासून मुलें जर्मन आणि इंग्रजी या दोन्ही भाषांतून शिकत असत. शतकाच्या अखेरीस इटली, रशिया, पोलंड येथून लाखों लोक न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरूं लागले. इंग्रजी येत नाहीं म्हणून बारा-बारा वर्षांचीं मुलें सहा वर्षांच्या मुलांच्या बाकांवर बसविलीं जात. पुढें त्यांच्यासाठीं भाषेचे निराळे वर्ग निघाले. आगबोटींतून उतरलेल्या मुलांचे म्हणून त्यांना आगबोटीचे वर्ग म्हणत. मुलाच्या ओळखीचे लोक ज्या कच्च्या मुलांच्या वर्गाला भीत होते, त्या भीतीचें मूळ या जुन्या आठवणींत असावें.

याहून काळीं पानेंहि या इतिहासांत आहेत. कार्लाइल येथें १८७९ सालीं निघालेल्या शाळेंत मूळच्या इंडियन जमातींचीं मुलें आईबापांपासून शेंकडों मैल दूर नेऊन ठेवीत. त्यांचे केस कापीत, नांवें बदलीत, आणि त्यांना स्वतःची भाषा बोलण्याची बंदी असे. दक्षिणेंत गुलामांना लिहावयास शिकविणें हा कायद्यानें गुन्हा होता. ती गुलामगिरी ज्यांनीं मोडली त्या अमेरिकेंतील सज्जनांना महात्मा फुल्यांनीं १८७३ मध्यें आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक अर्पण केलें. परंतु मुक्त झालेल्यांच्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेचें दार त्यानंतरहि ऐंशी वर्षें बंदच होतें. १८९६ च्या निकालानें वेगवेगळें ठेवणें कायदेशीर ठरविलें. तें बेकायदेशीर आहे, हें त्याच न्यायालयास १९५४ मध्यें सांगावें लागलें.

या साऱ्या हकीकतींत मला सर्वांत जिव्हारीं लागली ती एका चिनी मुलीची गोष्ट. सॅन फ्रान्सिस्को येथें राहणाऱ्या टेप नांवाच्या कुटुंबानें १८८४ मध्यें आपली आठ वर्षांची मुलगी मेमी हिला जवळच्या शाळेंत नेलें. आईबाप चीनमध्यें जन्मलेले. पण कपडे पाश्चात्य घालीत, घरीं इंग्रजी बोलत. ओळखीच्यांनीं माझ्या मुलाला जी युक्ति सांगितली, ती या कुटुंबानें खरोखरच आचरणांत आणलेली होती. तरी शाळेच्या मुख्याध्यापिकेनें मुलीला दारांतूनच परत पाठविलें. कुटुंब न्यायालयांत गेलें. १८८५ मध्यें राज्याच्या वरिष्ठ न्यायालयानें निकाल मुलीच्या बाजूनें दिला. तेव्हां कायदेमंडळानें घाईघाईनें चिनी मुलांसाठीं वेगळी शाळा काढण्याची सोय करून घेतली, आणि मेमीला अखेर तेथेंच जावें लागलें. घरची भाषा लपवून, किंवा टाकून देऊनहि, दार उघडत नाहीं. तें उघडतें तें कायद्यानें आणि लोकांच्या मनानें.

भाषेवरून प्रत्यक्ष भांडण पेटलें तें पहिल्या महायुद्धाच्या वेळीं. जर्मनीशीं युद्ध म्हणून जर्मन भाषाहि वैरीण ठरली. सिनसिनाटीचे दुभाषी वर्गहि या लाटेंत बुडाले. नेब्रास्का राज्यानें १९१९ मध्यें कायदा केला कीं, आठवी पास होईपर्यंत कोणत्याहि मुलाला परकी भाषा शिकवूं नये. रॉबर्ट मायर नांवाच्या शिक्षकानें एका धार्मिक शाळेंत दहा वर्षांच्या मुलाला जर्मन वाचावयास शिकविलें, म्हणून त्याला पंचवीस डॉलर दंड झाला. त्यानें दंड मुकाट्यानें भरून प्रकरण मिटविलें नाहीं. तो वर लढत गेला, आणि १९२३ मध्यें देशाच्या सर्वोच्च न्यायालयानें तो कायदा रद्द केला. शिक्षकाला शिकविण्याचा आणि आईबापांना आपल्या मुलांचें शिक्षण ठरविण्याचा हक्क आहे, असें त्या न्यायालयानें सांगितलें. एका साध्या मास्तरानें पंचवीस डॉलरांवरून साऱ्या देशाच्या मुलांसाठीं केवढें काम केलें, याचा मला, त्याच धंद्यांतला म्हणून, अभिमान वाटतो.

आतां त्या छापील प्रश्नाकडे येतों. १९६५ च्या कायद्यानें आशियांतील लोकांना अमेरिकेचें दार रुंद केलें. त्यानंतर थोड्याच वर्षांत सॅन फ्रान्सिस्कोमध्येंच, जेथें मेमीला परत पाठविलें होतें तेथेंच, पुन्हां चिनी मुलांचा प्रश्न उभा राहिला. सुमारें अठराशें मुलांना इंग्रजी समजत नव्हतें आणि त्यासाठीं कांहीं वेगळें साह्यहि मिळत नव्हतें. शाळामंडळाचें म्हणणें असें कीं, आम्ही सर्वांना तीच पुस्तकें, तेच शिक्षक, तोच वर्ग देतों. मग अन्याय कोठें झाला? १९७४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें उत्तर दिलें कीं, ज्याला समजतच नाहीं त्याच्यापुढें तेंच पुस्तक ठेवणें ही समानता नव्हे. लाऊ खटला या नांवानें तो प्रसिद्ध आहे. 'घरीं कोणती भाषा बोलतां?' हा प्रश्न त्या निकालाच्या पाठोपाठ शाळांच्या कागदांवर आला. मूल कोठें बसवावें हें त्याच्या उत्तरावरून ठरत नाहीं. त्याची इंग्रजीची परीक्षा घ्यावी कीं नाहीं, एवढेंच ठरतें. परीक्षेंत कमी दिसलें तर भाषेचें साह्य देणें शाळेवर बंधनकारक आहे, आणि तें नको असल्यास तसें सांगण्याचा हक्क पालकांना आहे. पुढें १९८२ च्या टेक्ससमधील खटल्यांत न्यायालयानें असेंहि ठरविलें कीं, आईबापांजवळ देशांत राहण्याचा परवाना नसला तरी मुलाला सरकारी शाळा नाकारतां येत नाहीं. बापाच्या अपराधाचें ओझें मुलाच्या माथीं मारूं नये.

या पद्धतींत दोष नाहींत असें नाहीं. शाळा घरपट्टीवर चालली कीं, महाग घरांच्या गांवची शाळा श्रीमंत आणि स्वस्त घरांच्या गांवची गरीब राहते. टेक्ससमधील गरीब वस्तीच्या पालकांनीं याविरुद्ध दाद मागितली. परंतु १९७३ मध्यें, पांच विरुद्ध चार अशा मतांनीं, सर्वोच्च न्यायालयानें ती फेटाळली. कांहीं राज्यांनीं नंतर आपापल्या परीनें उपाय केले. तरी चांगल्या शाळेसाठीं आधीं घर बदलणें, ही गोष्ट तेथील कुटुंबांच्या बोलण्यांत अजूनहि असते. आपल्या लोकांनींहि घर घेतांना शाळा पाहावी, पण शाळा म्हणजे घराची किंमत नव्हे, हेंहि मनाशीं बाळगावें.

आतां एक गोष्ट सांगितल्यावांचून हें भाषण मला पुरें करवत नाहीं. १९९१ सालीं मी एका गांवच्या शाळेंत मुख्याध्यापक होतों. गांवाबाहेर विटांची भट्टी होती. तेथें कर्नाटकांतून मजूर येत. दिवाळीनंतर त्यांतला एक जण आठ-नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन शाळेंत आला. त्याला मराठी चार शब्दांपलीकडे येत नव्हती, मला कानडी मुळींच येत नव्हती. मीं त्याला सांगितलें, मागच्या शाळेचा दाखला आणा. त्याला तें समजलें नाहीं. मीं तेंच वाक्य मोठ्यानें पुन्हां सांगितलें. तो थोडा वेळ उभा राहिला आणि मुलाचा हात धरून निघून गेला. मीं नियमाप्रमाणें वागलों होतों. त्या हिवाळ्यांत तो मुलगा भट्टीवर विटा उचलतांना मला रस्त्यावरून दिसे. मी मान दुसरीकडे वळवीत असें. दाखला नाहीं एवढ्यावरून प्रवेश अडवूं नये, असा कायदा आपल्या देशांत २००९ मध्यें झाला; पण त्या मुलाला दारांत उभें करून, 'घरीं कोणती भाषा बोलतोस रे?' एवढें विचारण्यास मला कोणत्या कायद्याची अडचण होती? त्याचें नांवसुद्धां मीं विचारलें नाहीं. आज सात समुद्रांपलीकडल्या एका परक्या शाळेनें माझ्या नातीला पहिल्याच दिवशीं तें विचारलें आहे.

माझ्या मुलानें कागदावर 'मराठी' असें लिहिलें. नातीची परीक्षा झाली. वाचन बरें, पण बोललेलें समजण्यांत आणि बोलण्यांत ती मागें आहे, असें ठरलें; रोज अर्धा तास एक बाई तिला व आणखी तीन मुलांना निराळें शिकवीत असत. तीन मुलांच्या तीन भाषा होत्या. वर्षअखेरीस तिला त्या अर्ध्या तासाची गरज उरली नाहीं. कच्च्या मुलांत तिला कोणी लोटलें नाहीं.

मात्र आतां दुसरीच अडचण उभी राहिली आहे. आईबाप मराठींत विचारतात आणि ती इंग्रजींत उत्तर देते. यांत तेथील शाळेचा दोष नाहीं. शाळेनें विचारलें होतें, आम्हीं उत्तर दिलें होतें. तें उत्तर खरें ठेवणें हें आमच्या घराचें काम आहे. म्हणून दर रविवारीं सकाळीं फोनवर मी तिला शुद्धलेखन घालतों. दहा ओळी. गेल्या रविवारीं तिनें 'पाऊस' हा शब्द तीनदां चुकविला, चौथ्यांदा बरोबर लिहिला, आणि मग मला विचारलें कीं, आजोबा, तुमच्या शाळेंत दुसऱ्या भाषेचीं मुलें होतीं का? तिला मीं त्या भट्टीवरल्या मुलाची गोष्ट सांगितली. ती थोडा वेळ गप्प राहिली, आणि म्हणाली, त्याचें नांव काय होतें?

श्रोतेहो, त्याचें उत्तर माझ्याजवळ नव्हतें. आपली रजा घेतों.